गच्चीवरचा गुलाब : मुलुंडच्या उजेडातून तेजोमेघ टिपण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. दादाला ओवाळलं तर त्याने तबकात पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "साडी काही तू घेणार नाहीस. ती तुझी काच घे एकदाची." काच म्हणजे फिल्टर. दोन वर्षं मी त्याचं नाव घेतेय आणि दोन वर्षं घरातले ऐकतायत. तर आता सबब उरली नाही. या हिवाळ्यात आमच्या मुलुंड पूर्वेच्या गच्चीवरून एक तरी तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधला वायू-धुळीचा ढग, नीट टिपायचा, आणि त्याची वही ठेवायची.

सामान : जुना कॅनन ६००डी, सेकंडहँड २०० मिमी लेन्स, एक छोटा ट्रॅकर (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), तिपाई. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची मूळ काच गेल्या वर्षी फोर्टात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडून काढून घेतली होती. ती काच हायड्रोजनचा लाल उजेड बराचसा अडवते आणि तेजोमेघ तर त्याच उजेडाने भरलेले असतात. चाचा म्हणाले होते, "बेटी, आता घरचे फोटो लालभडक येतील." आलेच. दादाच्या साखरपुड्यात सगळे उन्हातून भाजून आल्यासारखे दिसतात.

जागा : चार मजली, बिनलिफ्टची इमारत. पूर्वेला हायवे, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी, मग ऐरोलीचे दिवे. पश्चिमेला रेल्वेलाइनपलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, त्यामुळे तेवढीच एक बाजू जराशी काळी. उत्तरेला ठाणं, म्हणजे रात्रभर पहाट.

पावणेबाराला वर गेले. फटाक्यांचा धूर अजून खाली बसलेला नाही. पूर्वेला मृग वर आला होता. चार पाय आणि पोटातला बाण दिसला. मृगशीर्षातल्या तीन फिकट ताऱ्यांपैकी एक, तोही डोळा तिरका करून. फिल्टरशिवाय वीस सेकंदांचा फोटो काढला तर आकाश चहाच्या रंगाचं. त्यात टाकीवरचा फ्लडलाइट थेट लेन्समध्ये. त्याचं काहीतरी करावं लागेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

फिल्टर आला. कॅमेऱ्याच्या पोटात, लेन्सच्या मागे बसतो. डोळ्यासमोर धरला तर आरशासारखा चमकतो आणि पलीकडचं जवळजवळ काहीच दिसत नाही. आई म्हणाली, "एवढे पैसे देऊन काळी काच आणलीस?"

तिला समजावताना माझंच गणित पक्कं झालं, म्हणून इथे मांडते. माणसाला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये असतो, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा पट्टा. रस्त्यावरचे पांढरे एलईडी त्या पट्ट्यात सगळीकडे सांडतात. तेजोमेघातला तापलेला वायू तसं करत नाही. त्याचा बहुतेक उजेड मोजक्या रेषांत असतो. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ वर, ऑक्सिजनची निळसर हिरवी ५००.७ वर. हा फिल्टर या दोन रेषांभोवतीच्या ७-७ नॅनोमीटरच्या दोन फटी उघड्या ठेवतो, बाकी सगळं बंद. म्हणजे शहराचा उजेड विसाव्या हिश्श्यावर येतो आणि तेजोमेघाचा फारसा कमी होत नाही. पीठ चाळल्यासारखं आहे, फक्त इथे कोंडा वीसपट जास्त.

एक खोच आहे. उजेड फिल्टरवर फार तिरका पडला तर या फटी निळ्या बाजूला सरकतात आणि रेषाच बाहेर राहते. म्हणून लेन्स एफ/२.८ ची असूनही तिचं तोंड बारीक करून एफ/४ वर ठेवायची. जीव तुटतो, पण ठेवायची.

ऑक्सिजनच्या त्या रेषेची गोष्ट मला फार आवडते. लंडनमधल्या टल्स हिल भागात विल्यम हगिन्स नावाचा गृहस्थ राहायचा. घराण्याचा कापडाचा धंदा विकून त्याने घरामागे वेधशाळा बांधली. २९ ऑगस्ट १८६४ रोजी त्याने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा उजेड वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल असं त्याला वाटलं होतं, दिसली एक चमकदार रेष. म्हणजे ती धूसर ताऱ्यांची गर्दी नव्हती, वायू होता. ती रेष पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' असं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने उलगडा केला : तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. आपल्या हवेत अणू एकमेकांवर इतक्यांदा आपटतात की त्याला तो उजेड टाकायला उसंतच मिळत नाही. तेजोमेघातल्या विरळ पोकळीत मिळते.

(माझं आजोळ देवगडकडचं. तिथे हेलियम विजयदुर्गावर सापडला असं छाती काढून सांगतात. त्या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणते की हेलियमसुद्धा आधी सूर्याच्या वर्णपटातली अनोळखी रेष होता, आणि तो पुढे १८९५ मध्ये पृथ्वीवर खरंच हाती लागला. नेब्युलियमचं नशीब तेवढं नव्हतं.)

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल पौर्णिमा होती, आकाश निकामी. म्हणून दिव्याचं काम हातात घेतलं.

सेक्रेटरीकाकांकडे गेले. टाकीचा पितळी कॉक दोन वर्षांपूर्वी चोरीला गेला, तेव्हापासून हा ५० वॅटचा फ्लडलाइट रात्रभर जळतो. "तो बंद होणार नाही," काका म्हणाले. "आणि रात्री दीड वाजता तू वर एकटी काय करतेस ते आधी सांग. कमिटीत विचारतात मला." मी सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण मी बंद करा म्हणतच नव्हते. दिवा टाकीवर पडू दे, आकाशात कशाला?

गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पत्र्याच्या कात्रीने कापला, आतून पांढरा रंग, बाहेरून काळा, आणि दिव्याला टोपीसारखा बसवला. खर्च शून्य, अंगठ्याला एक चीर, धनुर्वाताचं इंजेक्शन. काका वर येऊन बघून गेले. टाकीपाशी उजेड आधीपेक्षा जास्तच पडत होता, कारण वर जाणाराही खाली वळला. "हे बरं आहे," म्हणाले. फिल्टरपेक्षा या डब्याने जास्त काम केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखला तरच तारे रेघा न होता ठिपके राहतात. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. आमच्या उत्तरेला नवीन टॉवर तेविसाव्या मजल्यापर्यंत आलाय. ध्रुव त्याच्या मागे, बहुधा कुणाच्या तरी मॉड्युलर किचनमध्ये.

मग जुनी पद्धत : तारा कुठे सरकतो ते बघत अक्ष सुधारायचा. बाणातला वरचा तारा यासाठी देवाने दिलाय, कारण तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे. साडेनऊला तो पूर्वेला असताना बघितला. तारा दक्षिणेकडे घसरत असेल तर अक्ष खाली झुकलेला, उत्तरेकडे जात असेल तर जास्त वर. स्क्रू फिरवायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. डावं-उजवं सुधारायला हाच तारा दक्षिणोत्तर रेषेवर यावा लागतो, आणि तो आला दीड वाजून गेल्यावर. तिथे दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला ढळलेला. दोनला अखेर तीन मिनिटांचं एक्स्पोजर ठिपक्यांसह आलं. तिपाईच्या पायांभोवती गच्चीवर ऑइलपेंटने तीन गोल काढून ठेवलेत, पुन्हा हा छळ नको.

उरलेल्या वेळात मृगातला तेजोमेघ, एम४२. सतरा फ्रेम, तीन-तीन मिनिटांच्या. एक्कावन्न मिनिटं मुद्दाम. हेन्री ड्रेपर या डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्जमधल्या आपल्या वेधशाळेतून याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा त्याला ५१ मिनिटं लागली होती. त्याच्याकडे ११ इंची दुर्बीण होती, माझ्या लेन्सचं तोंड एफ/४ वर दोन इंच. पण त्याच्या कोरड्या काचपट्ट्यांपेक्षा माझा भंगारातला सेन्सर कितीतरी हावरट. घरी येऊन फ्रेम एकमेकींवर रचल्या. पंख दिसले! मधला भाग मात्र जळून पांढरा, त्यासाठी दहा-दहा सेकंदांच्या वेगळ्या काढाव्या लागतील.

सकाळी आजीला दाखवलं. तिने चष्मा वर केला. "व्याधाने मारलेला बाण इथे लागलाय होय? मग रक्त येणारच."

३ डिसेंबर, मंगळवार

कृत्तिका. साफ आपटले.

कृत्तिकांभोवती निळी धूळ असते, फोटोंत ती रेशमासारखी दिसते. मला हवी होती. पण ती धूळ स्वतः उजळत नाही, ताऱ्यांचा उजेड परतवते, आणि ताऱ्यांचा उजेड म्हणजे सगळे रंग सलग. फिल्टर लावला तर शहराबरोबर धूळही जाते. म्हणून फिल्टर काढून वीस सेकंदांच्या तीनशे फ्रेम घेतल्या, शंभर मिनिटं. हाती सहा ठसठशीत तारे आणि त्यांच्याभोवती निळं वलय, जे तपासल्यावर लेन्सचं निघालं. धूळ नाही.

हिशोब असा : काळ्या आकाशाच्या तुलनेत आमचं आकाश चार प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप) उजळ धरलं, आणि एका प्रतीत अडीचपट फरक, तर साधारण चाळीसपट. कर्जत लाइनवरच्या वांगणीला नाहीतर त्याहून आत कुठे एका तासात जे येईल त्यासाठी इथे चाळीस तास, तेही शहराच्या उजेडाचे सगळे उतार-चढाव साफ पुसता आले तर. परतवलेल्या उजेडाचे तेजोमेघ मुलुंडमधून नाहीत. हा विषय बंद. कर्जत लोकल आहे त्यासाठी.

२८ डिसेंबर, शनिवार

खरं लक्ष्य ठरलं : रोझेट, गुलाबासारखा दिसणारा तेजोमेघ. मृगातल्या तांबूस काक्षीपासून लघुलुब्धकातल्या प्रश्वाकडे रेघ ओढायची, साधारण एक तृतीयांश अंतरावर किंचित दक्षिणेला, एकशृंगी नावाच्या फिकट समूहात. डोळ्यांना तिथे शून्य दिसतं. निवडण्याची कारणं दोन. एक, मध्यावर आला की इथून तो ७५ अंशांच्या वर चढतो, म्हणजे जवळपास डोक्यावर, ठाण्याच्या आणि हायवेच्या उजेडापासून जास्तीत जास्त लांब. दोन, आकार सव्वा अंशाहून मोठा, पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट रुंद. माझ्या लेन्सच्या सव्वासहा अंशांच्या चौकटीत ऐसपैस बसतो. अंतर पाच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास.

दहा ते साडेबारा, ४८ फ्रेम, आयएसओ ८००, तीन मिनिटं. पावणेबारानंतरच्या सगळ्या दुधाळ. लेन्सवर हात फिरवला तर ओला. मुंबईत थंडी कमी म्हणून दव विसरले होते, पण खाडी विसरत नाही. ठेवण्यासारख्या ३१.

४ जानेवारी २०२५, शनिवार

लॅमिंग्टन रोडवरून २२० ओमचे, एक वॅटचे आठ रेझिस्टर आणले. समांतर जोडले की साडेसत्तावीस ओम, बारा व्होल्टवर पाच वॅटच्या जरा वर. आईच्या जुन्या ब्लाउजपीसमध्ये शिवून लेन्सच्या तोंडाभोवती गुंडाळले. लेन्स कोमट, दव गायब. ५२ फ्रेम. दोन तासांनी फोकस जरासा हलतो, तो मधूनच तपासायचा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्ची पोरांची. रात्री ट्रॅकरचं पांढरं चाक फिरेना. आत मांजा. तिळगूळ खाऊन झोपले.

१८ जानेवारी, शनिवार

दहानंतर चंद्र उगवला, चार-पाच दिवसांपूर्वीच पूर्ण असलेला. तरी सोडलं नाही. चांदणं म्हणजे परतलेलं ऊन, आणि हवा त्यातला निळा भाग जास्त विखुरते. त्यामुळे ऑक्सिजनची रेष चांदण्यात बुडते, हायड्रोजनची लाल बऱ्यापैकी तग धरते. माझ्या सेन्सरवर दर चार घरांत एक लाल, दोन हिरवी, एक निळं. लाल रेष फक्त लाल घरांत पडते, ऑक्सिजनची हिरव्या-निळ्यांत. दोन्ही वेगळे काढता येतात. आजच्या ३८ फ्रेमचा फक्त लाल वापरायचा.

विमानं आज फार. विमानतळाकडे वळणारी चौकटीतून जातात आणि लुकलुकत्या टाक्यांची रांग सोडतात. पूर्वी अशी फ्रेम फेकायचे. आता नाही : पन्नास फ्रेममध्ये एखाद्या ठिपक्याची किंमत एकदाच उडी मारत असेल तर सिरिल हे फ्रेम रचायचं सॉफ्टवेअर ती गाळून टाकतं. विमान एकदाच जातं, तारा पन्नासही वेळा तिथेच असतो.

२६ जानेवारी, रविवार

उत्तरेच्या टॉवरवर तिरंगी रोषणाई. केशरी पट्टा, पांढरा पट्टा, हिरवा पट्टा, बावीस मजले. देशभक्ती आपल्या जागी, पण हिरव्या एलईडीचा उजेड ५२५ च्या आसपास रुंद पसरतो आणि त्याची शेपटी पार माझ्या ५०० च्या फटीत येते. पहिल्या वीस फ्रेमच्या हिरव्या घरांत डाव्या कोपऱ्यातून धुकं. साडेअकराला रोषणाई बंद झाली (बिल्डरचंही वीजबिल असतंच), मग सुरेख रात्र. एकूण ६६ ठेवल्या, कोपऱ्यातला चढ नंतर काढता येईल.

वॉचमनकाका एकला चहा घेऊन आले. ते हल्ली फेरी माझ्या गच्चीवरच संपवतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

चंद्र नऊच्या सुमारास मावळला. कोरडे मतलई वारे, हवा धुतल्यासारखी. मृगशीर्षातले तीनही तारे दिसल्यासारखे वाटले, पण रात्री साडेअकराला माणसाला बरंच काही वाटतं. सप्तर्षीतला अत्री मात्र नक्की दिसला, ठाण्याच्या उजेडातून. वसिष्ठाशेजारी अरुंधती नाही. ६१ फ्रेम.

जाताना झाकण लावून वीस डार्क फ्रेम, त्याच तापमानाला, सेन्सरची स्वतःची खरखर नंतर वजा करायला. मुंबईची रात्र २२ अंशांची आणि कॅमेऱ्याचं पोट त्याहून गरम, त्यामुळे तापलेल्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. पहाटे फ्लॅट, म्हणजे लेन्सचे काळवंडलेले कोपरे आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग नंतर काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो : बाबांचा पांढरा पंचा लेन्सवर ताणून उजाडत्या आकाशाकडे तोंड. बाबा पंचा शोधत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

बेरीज. ३१, ५२, ३८, ६६, ६१, म्हणजे २४८ फ्रेम, १२ तास २४ मिनिटं. ऑक्सिजनसाठी १८ तारखेच्या वगळून २१०, साडेदहा तास. फ्रेम चौपट केल्या की खरखर निम्मी होते. म्हणजे आणखी निम्मी करायची तर पन्नास तास हवेत. इथेच थांबले.

सिरिलमध्ये रचल्यावर पहिलं चित्र काळं कोरं दिसतं, ते खेचावं लागतं. खेचलं तर आधी हायवेचा उजेड वर आला, खाली उजवीकडे तांबूस उतार. तो काढला. मग फ्लॅटमधला घोटाळा : एका पाकळीवर करडं वर्तुळ, मला वाटलं गडद धुळीचा गोळा सापडला. अर्धा तास खूष होते. तो सेन्सरवरचा कचरा निघाला, जो ४ जानेवारीनंतर जागचा हलला होता. त्याआधीच्या दोन रात्रींसाठी वेगळे फ्लॅट काढायला हवे होते. आता ते वर्तुळ नकाशात खूण करून ठेवलंय आणि चित्रात तसंच आहे, घासून पुसलं नाही.

बाकी गुलाब आलाय. लाल पाकळ्या, त्यांत खऱ्या धुळीच्या काळ्या शिरा, आणि मधे पोकळी. त्या पोकळीतले तारे या वायूतूनच जन्मले आणि त्यांच्याच वाऱ्याने मधला वायू बाहेर ढकलला गेला. पोकळीच्या कडेला निळसर झाक आहे. साडेदहा तासांत जमलेला ऑक्सिजन तेवढाच, पण आहे. हगिन्सची रेष, हायवेपासून चारशे मीटरवर.

आजी म्हणाली, "गुलाब कसला, जास्वंद आहे." तिचंच बरोबर वाटतं.

संध्याकाळी सेक्रेटरीकाका आले. पुनर्विकासाच्या मीटिंगची नोटीस द्यायला आले होते, पण चित्र बघत बसले. त्यांना ते सोसायटीच्या गुढीपाडव्याच्या पत्रकावर छापायचंय, "आपल्या गच्चीवरून" असं खाली लिहून. मी म्हटलं, छापा की. गेटवरच्या आणि पार्किंगमधल्या दिव्यांना डबे बसवू देणार असाल तर. ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "डबे कुणाच्या घरचे?" आमच्याकडे दोन रिकामे आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक सांगून ठेवलाय.